वामकुक्षी आणि आठवड्याची सुई

वजन उतरवणारी सुई आठवड्यातून एकदा टोचून घेणे हे मुळीच अवघड काम नाही. सुई बारीक असते आणि पोटावर टोचायला जागा भरपूर असते. तीच तर तक्रार आहे. अवघड आहे ते आठवडाभर जेवणे. मार्च २०२५ मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी भारतात आली. मात्रेचे वेळापत्रक डॉक्टर व्यवस्थित लिहून देतात: वेगोवी ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू, सोसेल तशी चार-चार आठवड्यांनी एकेक पायरी वर, शेवटी २.४. ताटाचे वेळापत्रक मात्र कोणी लिहून देत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच. आमचे म्हणणे एवढेच की औषध जठराला संथ करते, जेवणाऱ्याला नाही. आणि या दोघांच्या चालीतला फरक रात्री साडेअकराला घशाशी येतो.

जठराला यापुढे तालुक्याची कचेरी समजावे. फायली हलतात, पण आपल्या गतीने. दुपारचा वरणभात संध्याकाळी उशिरापर्यंत टेबलावर पडून असू शकतो आणि त्याच्यावर रात्रीची पुरणपोळी येऊन पडते, वर तुपाची धार. स्निग्ध पदार्थ मुळातच जठरातून उशिरा बाहेर पडतात. म्हणजे आधीच संथ कारकुनाला आपण सुपारीही दिली. मग दाराशी बसलेला शिपाई, अर्थात अन्ननलिकेच्या तळाचा स्नायू, दबावाखाली दार किलकिले करतो आणि आंबट पाणी वर येते. उपाय असा: वाटी लहान करावी, घास सावकाश घ्यावा, भूक थोडी शिल्लक असतानाच उठावे, आणि मात्रा वाढवल्यानंतरच्या दिवसांत लग्नाचे आमंत्रण आल्यास अक्षता टाकून परतावे. ‘अहो, एक तरी जिलबी घ्याच’ या आग्रहावर अजून कोणत्याही कंपनीने औषध काढलेले नाही. तिथे ताटावर आडवा हात धरावा आणि वाढणाऱ्याच्या डोळ्यांत पाहू नये.

यावर कोणी म्हणेल, दोष औषधाचा, मग शिक्षा खाणाऱ्याला का? दोष औषधाचा आहेच. वेगोवीच्या चाचण्यांत सुमारे ५ टक्के लोकांना आम्ल उलटण्याचा विकार जडला, नुसते पाणी टोचलेल्यांत ३ टक्क्यांना. ढेकरांचा त्रास ७ टक्क्यांना, उलट बाजूला एका टक्क्याहूनही कमी. पण आकडे हेही सांगतात की बहुसंख्यांना हा विकार होत नाही, आणि ज्यांना होतो त्यांच्या हातात बदलण्यासारखे सर्वांत जवळचे काही असेल तर ते ताटच. दुसरा आक्षेप अधिक हुशार आहे: वजन उतरले की पोटाचा दाब कमी होऊन जळजळ आपोआप शमते, मग थांबावे. खरे आहे, पण वजन महिन्यांच्या हिशेबाने उतरते आणि जळजळ आज रात्री आहे. तिसरा पक्ष गोळीवाल्यांचा. पँटोप्रॅझोल डॉक्टरांना विचारून, नाश्त्याआधी अर्धा तास घ्यावी; पाव-भाजी खाल्ल्यावर पश्चात्ताप म्हणून नव्हे. ती आम्ल कमी करते, ढीग कमी करत नाही. फसफसणाऱ्या पावडरीने वायू तयार होतो, ज्याची इथे टंचाई नाही. थंड दूध घटकाभर गार वाटते आणि मग जठराला आणखी एक फाईल मिळते. मात्र पाठीपर्यंत जाणारी तीव्र पोटदुखी, न थांबणारी उलटी, काळी शौच, गिळताना अडकणे किंवा छातीत दुखणे हा विडंबनाचा विषय नाही. तिथे लेख बाजूला ठेवून डॉक्टर गाठावा.

आता वामकुक्षी. पूर्वजांनी जेवणानंतर डाव्या कुशीवर कलंडायला सांगितले, आणि कूस त्यांनी अचूक निवडली. डावीकडे झोपल्यावर जठराची पिशवी खाली राहते आणि अन्ननलिकेचे तोंड वर. उजवीकडे नेमके उलटे. चुकते ती वेळ. जेवण आणि आडवे होणे यांत तीन तास हवेत, औषध चालू असताना तर हवेतच, आणि रात्री दहाला पान मांडणाऱ्या घरात हे गणित पहाटे एकला सुटते. तेव्हा रात्रीचे जेवण सातला करावे, मधल्या वेळात शतपावली घालावी. शंभरावर थांबलेच पाहिजे असे शास्त्रात नाही. कुशीनेही भागले नाही तर उशांची चळत रचू नये, त्याने कंबरेत घडी पडते आणि पोट उलट दाबले जाते. पलंगाच्या उशाकडच्या पायांखाली सहा ते आठ इंच उंचीच्या विटा सरकवाव्यात. विटा भक्कम असाव्यात, दोन्ही बाजूंना सारख्या असाव्यात, आणि पलंग डबल असल्यास त्या घरात आणण्यापूर्वी दुसऱ्या अर्ध्या पलंगाची संमती घ्यावी.