पुण्य कुणाच्या पोटात?

सकाळी साडेसहाला पांढऱ्या सदऱ्यातले गृहस्थ स्कूटर लावतात, डिकीतून ज्वारीची पिशवी काढतात आणि फरशीवर कबुतरांसाठी ओंजळ उधळतात. फरशी आपली म्हणायची. वाळलेल्या शिटेखाली तिचा मूळ रंग कुणालाच आठवत नाही. पंगतीत मीठ-लिंबू आधी वाढतात, इथे शीट. मग गृहस्थ हात जोडतात आणि घरी जाऊन साबणाने धुतात.

प्रश्न त्या ज्वारीचा आहे. कबुतराच्या आतड्यात अस्कॅरिडिया नावाचा गोल जंत राहतो. त्याची अंडी शिटेतून बाहेर पडतात, डोळ्यांना दिसत नाहीत, उबदार ओलाव्यात दोन-तीन आठवड्यांत तयार होतात आणि कुणी गिळेल याची वाट पाहतात. माळरानावर ही वाट फार लांबची. गृहस्थांनी ती संपवली: शिटायचं तिथंच जेवायचं, रोज, शेकडोंनी. दाण्याला अंडं चिकटलं असेल तर पुण्य नक्की कुणाच्या खाती? कबुतराच्या, की त्याच्या पोटातल्या बिऱ्हाडाच्या? जंतही जीवच, मग पुण्य दुप्पट धरावं काय? त्याच पंगतीत कॉक्सिडिया नावाचा सूक्ष्म परजीवीही जेवून जातो. त्याच्या हगवणीने पिल्लं मरतात. ती वळचणीत मरतात, तिथे ज्वारी पोचत नाही आणि गृहस्थांची नजरही.

हा जंत माणसाच्या पोटात घर करत नाही, हे खरं. गृहस्थ एवढंच मोठ्याने सांगतात. कबुतरांत सापडणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या दुसऱ्या सूक्ष्म परजीवीच्या काही जाती माणसालाही जुलाब लावतात, हे सांगत नाहीत. आणि खरा घात तर पोटातून होतच नाही, श्वासातून होतो. वाळलेल्या शिटेची धूळ वर्षानुवर्षं छातीत जाते, काहींच्या फुफ्फुसांना सूज येते, पुढे व्रण पडून ती आखडतात, आणि आखडलेलं फुफ्फुस कुठल्याही दानधर्माने पुन्हा फुगत नाही. समोरच्या दुसऱ्या मजल्यावरच्या आजी दोन जिने चढताना चारदा बसतात. त्यांच्या गॅलरीला जाळी, खिडकीला जाळी. पैसे त्यांचे, पिंजरा त्यांचा, आणि मोकळं आभाळ कबुतरांचं! भूतदयेच्या यादीत आजींचा नंबर कितवा, हे एकदा त्या सदऱ्याने सांगावंच.

२०२५ साली मुंबईत दादरच्या कबुतरखान्यावर दाणे टाकणं थांबवायला ताडपत्री पडली. आमच्या गृहस्थांनी पिशवी शेजारच्या गच्चीवर नेली.

तेव्हा खिडकीतली वाळकी शीट कोरडी झाडू नका. तोंडाला मास्क बांधा, आधी भरपूर पाणी मारा. खाली पांढरा सदरा उभा असेल, तर थोडं जास्तच मारा.