विमानभाडे साहेबांस अनावृत पत्र

मेहेरबान विमानभाडे साहेब, मुक्काम आकाश, यांसी,

डोंबिवली पूर्व येथील एका प्रवासेच्छू कुटुंबप्रमुखाचा कृतानेक साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदराहून निघालेली पहिली प्रवासी आगगाडी ज्या ठाण्यास येऊन थांबली, त्या मुलखातील आम्ही माणसे अंतर पाहून भाडे मोजण्यास पिढ्यान्‌पिढ्या सरावलेलो. त्यामुळे मुंबईहून कोचीपर्यंतचे आकाश श्रावणात आणि दिवाळीत सारख्याच लांबीचे असताना आपण मात्र लक्ष्मीपूजनाच्या सुमारास एवढे का फुगता, हे आम्हांस उकलेना. मग एका जाणत्या गृहस्थाने खुलासा केला की, एकाच विमानातील एकसारख्या आसनांचे आपण किमतीनुसार गट पाडता, स्वस्त गट संपताच महाग गट खुला करता, आणि कोणत्या तारखेस गर्दी लोटणार याचा अदमास आपल्या दफ्तरी आधीच नोंदलेला असतो. रिकामे आसन घेऊन विमान उडाले की त्या आसनाची कवडीही वसूल होत नाही, ही आपली अडचण आम्ही जाणतो. परंतु त्या नुकसानीची भरपाई नेमकी सहामाहीनंतरच्या सुट्टीत आणि नेमकी आमच्याकडून व्हावी, हा न्याय अलौकिक होय.

आपण प्रसन्न व्हावे म्हणून आम्ही यथासांग उपासना केली. मंगळवारी मध्यरात्री शोधावे, असे शेजाऱ्यांचे मत. मोबाइलातील गुप्त खिडकीतून पाहावे, असे भाच्याचे. दोन्ही व्रते निष्फळ ठरल्यावर पहाटे पाच वीसच्या उड्डाणाचा एक सोसवेल असा दर दिसला. पण पहिल्या लोकलने विमानतळ वेळेत गाठणे अशक्य, सबब अपरात्रीच्या टॅक्सीचे भाडे त्यात मिळवले, मग शेजारी-शेजारी बसण्याचा आकार, मग सुविधा शुल्क, आणि पंधरा किलोंच्या वरील सामानाचा भुर्दंड. सौभाग्यवतींनी चकलीचा डबा बॅगेतून काढला, पुन्हा ठेवला, पुन्हा काढला. तेवढ्या अवधीत आपण नऊशे रुपयांनी वाढलात.

भाडे ठरविताना खर्च आणि वाजवी नफा ध्यानी घ्यावा, असे १९३७ च्या विमान नियमांनी कंपन्यांस बजावले होते. वाजवी किती, हे मात्र प्रथमतः त्यांच्याच मर्जीवर सोपविले. साथीच्या काळात, २०२० साली, सरकारने आपणांस खालून-वरून मर्यादा घातली, ती ३१ ऑगस्ट २०२२ रोजी उठली. तेव्हापासून ज्यास केव्हाही हिंडता येते त्यास आपण सौम्य, आणि ज्याची रजा साहेबाच्या सहीवर व मुलांची सुट्टी शाळेच्या घंटेवर अवलंबून, त्यास आपण उग्र, असा आपला शिरस्ता कायम आहे.

सबब अर्ज ऐसा की, ज्या अर्थी आम्ही केव्हा प्रवास करावा हे आपणच ठरविता, त्या अर्थी रजा मंजूर करण्याचा अखत्यारही आपण आपल्याकडे घ्यावा; श्रावणातील एखाद्या स्वस्त बुधवारी चिरंजीवांस घटक चाचणीतून माफी असावी, अशा मजकुराची चिठ्ठी वर्गशिक्षिकाबाईंच्या नावे सही-शिक्क्यानिशी पाठवावी, आणि आमच्या साहेबांस फर्मान धाडताना ती रजा बिनपगारी धरू नये, एवढे स्पष्ट नमूद करावे.

कळावे,
आपला नम्र,
डोंबिवलीचा एक अर्जदार