खर्जाला तोंड पाहिजे

आमच्या घराण्यात खर्ज कुणालाच नाही. आजोबा काळी पाचच्या खाली उतरत नसत, वडील नाकातून बोलत, आणि माझं म्हणाल तर फोनवर पलीकडचा माणूस हटकून 'मॅडम' म्हणून सुरुवात करतो. तेव्हा पन्नाशीला आल्यावर मी खर्ज विकत आणला, यात कुणी तोंडात बोट घालण्यासारखं काही नव्हतं. लोक या वयात दात आणतात, केस आणतात.

खर्ज डबीतून मिळतो. जपानच्या कॉर्ग कंपनीनं २०१३ साली व्होल्का नावाची तीन भावंडं बाजारात आणली: कीज, बीट्स आणि बास. त्यातलं बास माझ्याकडे आहे. लांबी वीतभर, वजन अर्ध्या किलोच्या आत, पोटात सहा पेन्सिल सेल. किंमत अमेरिकेत तेव्हा दीडशे डॉलरच्या आसपास होती. 'दीडशेला काय वाईट आहे' असं मी घरात सांगितलं. डॉलर हा शब्द खोकल्यात गेला. आत तीन ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारे तीन गळे, आणि प्रत्येकाच्या कानाला पिळायला वेगळी खुंटी. खाली पेटीच्या पट्ट्या नुसत्या रेखाटलेल्या. त्या दबत नाहीत, बोट टेकलं की वाजतात. शिवाय कटऑफ नावाचा एक नॉब आहे. तो डावीकडे असला की यंत्र तोंड मिटून गुणगुणतं, उजवीकडे नेत गेलं की हळूहळू आ वासतं. शेजारचा पीक वाढवला की त्याच आवाजाला सर्दी होते. या दोन नॉबांवर माणसाचे कितीही तास जाऊ शकतात, हे आमच्या घरी आता वादातीत आहे.

अडचण एकच. डबीत खर्ज आहे, पण त्याला तोंड नाही.

म्हणजे अंगचा एक स्पीकर आहे, पण सुपारीएवढ्या स्पीकरातून सत्तर हर्ट्झचा स्वर काढणं कुठल्याच कंपनीच्या हातात नाही. तो निसर्गाचा नियम आहे. एवढ्या तोंडातून मूळ स्वर बाहेर पडतच नाही. वरवरचे अंशस्वर तेवढे येतात, आणि ऐकणाऱ्याचा मेंदू त्यांवरून अंदाज बांधून खालचा स्वर पदरचा घालतो. माझा मेंदू या बाबतीत उदार आहे. बायकोचा नाही. मी डोळे मिटून घनगंभीर नादात डुंबत असतो तेव्हा तिला फक्त 'टर्र टर्र' ऐकू येतं. 'पावसाळ्यात घाटावर बेडूक हेच फुकट करतात,' असं तिचं मत आहे.

मग मुलाचा मोठा स्पीकर वायर लावून जोडला. आता पंचाईत उलटी झाली. सत्तर हर्ट्झच्या स्वराची एक लहर जवळजवळ पाच मीटर लांब असते. आमची मधली खोली तेवढी नाही. अर्थात लहरीला पूर्ण व्हायचं तर शेजारी जावंच लागतं. आमच्याकडे फारसं काही ऐकू येईना, पण खालच्या मजल्यावरच्या भाभींच्या कपाटातल्या स्टीलच्या वाट्या गाऊ लागल्या. भाभी वर आल्या आणि अगदी आपुलकीनं म्हणाल्या, 'भैया, आपका फ्रिज खराब हो रहा है, दिखवा लीजिए.'

उरला हेडफोन. हेडफोन लावून खर्ज वाजवणारा माणूस बाहेरून कसा दिसतो, ते मला मुलानं व्हिडिओ काढून दाखवलं. ते इथे लिहिण्याची गरज नाही.

शेवटी सेल घातले आणि जबलपूरचा ग्वारीघाट गाठला. नर्मदेच्या काठी राहून घरात कुढत कशाला बसायचं? थंडीचे दिवस, दुपार कलती. सहाच्या सुमाराला आरतीची तयारी सुरू झाली की शंख, घंटा आणि कर्णे यांच्यापुढे कुणाचंच काही चालत नाही. पण त्याआधी घाटाला तासभर निवांतपणा असतो. पलीकडच्या काठावर गुरुद्वारा, तिकडे ये-जा करणाऱ्या नावा, पायऱ्यांवर द्रोणात दिवे विकणाऱ्या बायका. मी शेवटच्या पायरीवर बसून सोळा घरांत सोळा स्वर पेरले. यंत्राचा हिशोब सोळा पावलांचा आहे, म्हणजे तीनतालाला आयतीच जागा. एक नाववाला वाकून बघत म्हणाला, 'काय बड्डे, ये वजन बताती है कि बीपी?' मी म्हटलं, बाजा आहे. त्यानं कान लावला, नर्मदेकडे पाहिलं, पुन्हा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, 'अभी सेट नहीं हुआ होगा.'

तेवढ्यात दोन परिक्रमावासी येऊन टेकले. पांढरी वस्त्रं, हातात दंड, कमंडलू, आणि बोलणं शुद्ध सदाशिव पेठी. 'नर्मदे हर' झालं. मी मराठी आहे म्हटल्यावर त्यातले थोरले सरसावून बसले. मला वाटलं, आता खर्जाची विचारपूस होणार. त्यांनी यंत्राची मागची बाजू न्याहाळली, सेल मोजले आणि विचारलं, 'यावर मोबाइल चार्ज होतो का हो?'

मी मात्र खचलो नाही, कारण माझ्या पाठीशी इतिहास आहे. रोलँड कंपनीनं १९८१ साली टीबी-३०३ नावाचं असंच एक चपटं यंत्र काढलं. तादाओ किकुमोतो या इंजिनिअरची करामत. हेतू सरळ होता: गिटारवाल्याला एकट्यानं रियाज करायचा आहे आणि बासवाला आलेला नाही, तर त्याच्या जागी हे ठेवा. पण त्यात स्वर भरणं इतकं किचकट आणि आवाज खऱ्या बास गिटारपासून इतका लांब की १९८४ पर्यंत कंपनीनं गाशा गुंडाळला. साधारण दहा हजार नग निघाले असतील. ते मातीमोल भावानं जुन्या बाजारात गेले, तिथून शिकागोच्या पोरांच्या हाती लागले, त्यांनी नॉब पिळपिळून १९८७ मध्ये अ‍ॅसिड हाउस नावाचा नाच उभा केला, आणि आज तेच जुनं यंत्र घ्यायचं तर आकडा लाखांत जातो.

यातली खरी मौज मुंबईची आहे. हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदात वाजवणाऱ्या चरणजित सिंग यांनी १९८२ सालीच हे यंत्र, सोबत रोलँडचाच ज्युपिटर-८ आणि टीआर-८०८ हा तालाचा डबा घेऊन दहा रागांची तबकडी काढली. ललित, तोडी, यमन, मालकंस, सगळे डिस्कोच्या ठेक्यावर. तेव्हा कुणी ढुंकून पाहिलं नाही. २०१० मध्ये ती नव्यानं निघाली तेव्हा युरोपातले लोक थक्क झाले: शिकागोच्या पाच वर्षं आधी हे घडलं कसं? मला यात थक्क होण्यासारखं काही दिसत नाही. त्या यंत्रात एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जायची सोय आहे. आपल्या माणसाच्या हातात घसरणारा स्वर दिला तर तो मींडच काढणार, दुसरं काय करणार?

हाच मुद्दा मी आमच्या गुरुवारच्या भजनात मांडला. बुवांचा माझ्या यंत्राला विरोध होता. पेटी असताना हे कशाला? पेटीचा मला आदर आहे. आजोबा गोंदियाहून छोट्या लाइनीनं जबलपूरला आले ते एका हातात ट्रंक आणि दुसऱ्या हातात पेटी घेऊनच. पण याच पेटीला मींड येत नाही, श्रुती येत नाहीत, म्हणून आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत दारात उभं केलं नव्हतं. 'माझ्या डबीला मींड येते,' मी म्हटलं, 'आणि तुमच्या पेटीसारखी तीही परदेशातूनच आलेली आहे.' बुवा म्हणाले, 'पेटीवरची धूळ पुसली तर पेटी बेसूर होत नाही.'

हा घाव वर्मी लागला, कारण घरची बातमी फुटली होती. माझ्या यंत्राला पावलं लक्षात राहतात, पण नॉब कुठे होते ते राहत नाही. नॉब जिथे आहे तिथला आवाज. एखाद्या रात्री दोन तास झटून मी असा काही आवाज जुळवतो की स्वतःचाच हेवा वाटावा. सकाळी बायको फडकं मारते. सगळे नॉब दोन-दोन केस सरकतात आणि तो आवाज या जन्मापुरता गेला. बरं, तिच्या फडक्यानं निघालेला आवाज कधी कधी माझ्यापेक्षा बरा असतो, हे मी तिला अजून कळू दिलेलं नाही.

तरीही पुढच्या गुरुवारी यंत्र नेलं. मंडळाच्या अ‍ॅम्प्लिफायरला दोन उभे बॉक्स आहेत, माणसाच्या छातीएवढे. इतके दिवस मी शोधत होतो ते तोंड भिंतीला टेकून उभं होतं. तीन गळ्यांपैकी एक सा वर, दुसरा पंचमावर, तिसरा वरच्या सा वर लावला, बुवांची काळी दोन धरली, कटऑफ अर्धा उघडला आणि वायर खोचली.

तसबिरी थरथरल्या. प्रसादाच्या पातेल्यावरचं झाकण सुरात बोललं. भिंतीला टेकून डुलक्या घेणारे दोघे ताठ बसले. एक आजी, ज्यांना काही वर्षांपासून भजन नुसतं दिसतं, त्यांनी सुनेला मोठ्यानं विचारलं, 'आज कोण गवई आलाय गं?' तबलजी तेवढे नाराज होते. त्यांचा डग्गा कुणाला ऐकू गेला नाही. बुवांनी मात्र डोळे मिटून असा काही सा लावला की आरतीला अर्धा तास उशीर झाला.

यंत्र एकदा सुरू केलं की आपल्या सोळा घरांत आपणच फिरत राहतं. मला हात लावायला काही उरलं नाही. कुणीतरी माझ्या हातात टाळ दिले.

बुधवारी बुवांचा फोन आला. 'मॅडम' नाही म्हणाले, ओळखीचा आवाज. 'उद्या ते यंत्र पाठवा. तुम्हाला ऑफिसातून यायला उशीर होतो, धावपळ करू नका. मुलाबरोबर दिलंत तरी चालेल. सेल नवीन घाला.'