फाइव्ह-नाइन काका

आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावरच्या एका दारावर पाटी आहे : ‘बोलणे चालू असताना बेल वाजवू नये. ऑस्ट्रेलियात ऐकू जाते.’ पाट्यांचं पुण्यात कुणाला नवल नाही. इतरांच्या पाट्यांत आल्यागेल्याचा अपमान असतो, ही मात्र निव्वळ माहिती आहे. माझा विश्वास बसला नाही म्हणून मी एकदा बेल वाजवली. आतून काका ओरडले, “मेलबर्नवाला विचारतोय कोण आलंय!”

काका हॅम आहेत, म्हणजे हौशी रेडिओवाले. सरकारी परीक्षा देऊन, मोर्सची कडकट्ट शिकून त्यांनी परवाना मिळवला आणि ‘व्हीयू2’नं सुरू होणारं एक सांकेतिक नाव घेतलं. राजीव गांधींचंही असंच होतं, व्हीयू2आरजी, हे ते दर भेटीत सांगतात. परवान्याआधी पोलीस चौकशी झाली तेव्हा हवालदारानं काकूंना विचारलं होतं, “ह्यांचे परदेशाशी काही संबंध?” काकू म्हणाल्या, “अजून नाहीत. तुम्ही सही केलीत की सुरू होतील.”

बाथरूम आणि देवघर यांच्यामधली बोळ म्हणजे काकांची ‘शॅक’. तिथे अर्धं सामान तपकीर गल्लीतलं, अर्धं जुन्या बाजारातलं. रविवारी आणि बुधवारी काका जुन्या बाजारातून कसलं तरी मीटर घेऊन येतात, ते उघडतात आणि पुढच्या रविवारपर्यंत बंद करत नाहीत. गच्चीवर पाण्याच्या टाकीपासून समोरच्या नारळापर्यंत त्यांची वीस मीटर तार. ती कपड्यांची दोरी नाही, हे सांगून सांगून ते थकले. एकदा पहिल्या मजल्यावरच्या आजींनी तिच्यावर ओली नऊवारी टाकली. तार झोपली, खाली मीटरचा काटा चढला आणि तीन रात्री जागून हाताशी आलेला ब्राझील गेला. त्या वर्षीच्या वार्षिक सभेच्या इतिवृत्तात ठराव आहे : ‘सभासदांनी ब्राझीलवर कपडे वाळत घालू नयेत.’ सूचक काका, अनुमोदक कुणीच नाही.

मी एकदा विचारलं, “अर्जेंटिनाशी पाऊण तास बोललात. काय म्हणाला?”

“म्हणाला, ऐकू येतंय.”

“आणि तुम्ही?”

“मी म्हटलं, मलाही येतंय.”

यात थट्टा नाही. हॅम लोकांचं निम्मं बोलणं बोलणं पोचतंय का याविषयीच असतं. शब्द किती स्पष्ट याला पाचपैकी आणि आवाज किती जोरदार याला नऊपैकी गुण. सगळं उत्तम असेल तर ‘फाइव्ह-नाइन’. धंद्याचं बोलायचं नाही, राजकारण काढायचं नाही. सदाशिव पेठेत जन्मलेल्या माणसानं चाळीस वर्षं हा नियम पाळला, याबद्दल त्यांना काहीतरी पुरस्कार द्यायला हवा. तुंबलेलं सगळं ते मग गुण देण्यात काढतात. पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं संपल्यावर गुरुजींना सांगितलं, “थ्री-सेव्हन. आवाज आहे, शब्द नाहीत.” मिरवणुकीतल्या ढोलपथकाला कानात बोटं घालून ‘फाइव्ह-नाइन प्लस फॉर्टी’. गॅसच्या दुकानात फोनवर आडनाव सांगताना ‘के फॉर किलो’ म्हणाले, तर पलीकडची मुलगी म्हणाली, “काका, किलोनं नाही मिळत, अख्खा सिलिंडर घ्यावा लागतो.”

पण काकांचं खरं दुखणं वेगळं आहे. त्यांना संकटात उपयोगी पडायचंय आणि संकट वेळेवर येत नाही. दारामागे एक पिशवी बारा महिने भरलेली : बारा व्होल्टची बॅटरी, हँडहेल्ड (त्याला वॉकीटॉकी म्हणणाऱ्याशी ते आठवडाभर बोलत नाहीत), गुंडाळलेली तार, ती झाडावर फेकायला बेचकी, वही आणि पेन्सिल. पेन नाही, पावसात पेन फितूर होतं. शिवाय शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. तो काकू दर महिन्याला बदलतात, कारण संकट आलं नाही तरी लाडू संपतात. खडकवासल्यातून पाणी सोडल्याची बातमी आली की लोक भिडे पूल बुडाला का बघायला धावतात. काका बॅटरी चार्जला लावतात.

रविवारी सकाळी हवेतच हजेरी असते, तिला ‘नेट’ म्हणतात. एक जण मास्तर, बाकीचे नाव पुकारलं की हजर. मधून मधून संकटाची रंगीत तालीम. एकदा पर्वतीच्या पायथ्याहून ‘चाळीस ब्लँकेटं पाठवा’ असा निरोप निघाला तो चार जणांच्या तोंडून कोथरूडला ‘चाळीस बिस्किटं पाठवा’ होऊन पोचला. काकांनी त्या दिवशी जेवण टाकलं. तेव्हापासून ते निरोपाचे शब्द मोजून सांगतात आणि पलीकडच्याकडून मोजून घेतात. घरात मात्र हा हिशोब लागू नाही. भाजीत मीठ कमी आहे हे सांगायला त्यांना मार्कोनीपासून सुरुवात करावी लागते.

अंदमानची गोष्ट ते कुणालाही थांबवून सांगतात. डिसेंबर 2004मध्ये हैदराबादच्या हॅम संस्थेतर्फे भारती प्रसाद पोर्ट ब्लेअरला गेल्या होत्या. तिथून कित्येक वर्षांनी हॅमचा आवाज निघत होता, आणि जगभरचे लोक ‘व्हीयू4आरबीआय’शी एक वाक्य बोलायला गर्दी करून होते. काकाही त्या रांगेत. 26 तारखेला त्सुनामी आली आणि हौस म्हणून गेलेला तो रेडिओच बेटांचा बाहेरच्या जगाशी दुवा झाला. “आम्ही सगळे गप्प बसलो रे,” काका म्हणतात. “वाट मोकळी ठेवायची. तेही कामच असतं.” माझ्या मते काकांच्या आयुष्यातला हा सर्वांत कठीण पराक्रम.

किल्लारीची गोष्ट मात्र ते सांगत नाहीत. ती काकूंकडून कळली. 30 सप्टेंबर 1993च्या भूकंपानंतर हॅम तिकडे पोचले, आणि काका इथे बोळीत बसून तिकडून येणारी नावं उतरून घेत होते. कोण सापडलं, कोण नाही. मग ज्यांचे नातेवाईक पुण्यात होते त्यांच्याकडे सायकलवर जायचे. काकांच्या सगळ्या वह्या मांडणीवर आहेत, कुणीही काढून बघावी. त्या आठवड्याची वही काकूंच्या कपाटात आहे.

काकूंना मोर्स येतो, हे काकांना लग्नानंतर अकरा वर्षांनी समजलं. रोज कानावर पडून आलेला. मोर्समध्ये एकच लांब डॅश म्हणजे इंग्रजी ‘टी’. कानाला हेडफोन लावलेल्या माणसाला हाका मारून घसा कशाला फोडायचा? काकू कडाप्प्याच्या ओट्यावर पातेलं ओढतात, खर्र करून, एकदाच. काका उठून येतात.

मध्यंतरी एका सप्टेंबरात रात्री तुफान पाऊस झाला. वीज गेली, मोबाइलची रेंज गेली, पार्किंगमध्ये गुडघाभर पाणी. बी विंगमधल्या वहिनींचा मुलगा वडगावकडे क्लासला गेलेला, तो परतला नव्हता. वहिनी जिन्यात उभ्या, आणि मी मोठ्या माणसासारखा “येईल हो” म्हणत उभा. काका पिशवी घेऊन गच्चीवर गेले, डोक्यावर छत्री मी धरली. हा माणूस इतकं कमी बोलू शकतो हे मला तोवर माहीत नव्हतं. दोन वाक्यं, मग ऐकणं. कोथरूडच्या एकानं उचललं, त्यानं धायरीच्या दुसऱ्याला दिलं, तो धायरीवाला बिचारा पत्ता घेऊन पाण्यातून चालत गेला. सव्वा तास लागला. काकांनी टॉर्चच्या उजेडात पेन्सिलनं उतरून घेतलेला निरोप जिन्यात येऊन वाचला : “मुलगा सुखरूप. मित्राच्या घरी दुसऱ्या मजल्यावर. जेवलाय.”

“‘जेवलाय’ त्यानं सांगितलं?” मी हळूच विचारलं.

“मी विचारून घेतलं. नाहीतर तेवढ्यासाठी परत गच्चीवर जावं लागलं असतं.”

त्यानंतर रात्रभर इतरांचे निरोप चालले, आणि मी छत्री धरण्यावरून बढती मिळून वही धरायला लागलो. उजाडता उजाडता पाऊस थांबला. काका बोळीत बसून वेळा नीट लिहून काढत होते. वीज नव्हतीच, सगळी इमारत इतकी गप्प की पागोळ्या मोजता याव्यात. स्वयंपाकघरातून आवाज आला : खर्र. जरा थांबून पुन्हा : खर्र.

“दोन डॅश म्हणजे काय हो, काका?”

“पुस्तकात ‘एम’,” काका चष्मा पुसत म्हणाले. “आमच्याकडे दोन कप. चल, तुझाही टाकलाय.”