अगं बाई, फल्ली पितात म्हणे!

ऐकलंत का? नाही? मग जरा इकडे सरका, मोठ्यानं बोलायची गोष्ट नाही.

तिरोडा तालुक्यातलं चोरखमारा आजवर दोन गोष्टींसाठी ठाऊक होतं. एक तिथला तलाव आणि दुसरं नागझिरा अभयारण्याचं गेट. पहाटे जिप्सी आत जातात, उन्हं चढली की बाहेर येतात आणि मग कुणाला वाघ दिसला, कुणाला नुसतीच चितळं, यावर दुपारपर्यंत गप्पा रंगतात. जय नावाचा तो देखणा वाघ २०१३ साली नागझिरा सोडून पार उमरेड-कऱ्हांडल्याला निघून गेला, तेव्हा कोण चर्चा झाली होती! पण वाघ परवडला. सध्या कुजबुज चालली आहे ती मिक्सरच्या भांड्यावरून. त्या भांड्यात म्हणे दूध, केळं, चॉकलेटची भुकटी आणि फल्लीदाण्याचं लोणी एकत्र घालतात, घर्रर्र फिरवतात आणि हातभर उंच ग्लास उभ्याउभ्या घशाखाली उतरवतात. चॉकलेट पीनट बटर स्मूदी! चारचौघांत नाव घ्यायचं तर आधी पाणी प्यावं लागतं.

"खायची फल्ली आता प्याले लागले लोकं?" एक आजी ओसरीवरून म्हणाल्या. "दात पडले का त्याईचे?"

आता मोहफुलाच्या या मुलखात पेयाचं कौतुक कुणी सांगावं? चैतात झाडाखालची फुलं वेचून त्यांचं काय काय करता येतं, हे इथल्या माणसाला शिकवायला बाहेरून कुणी येण्याची गरज नाही. पण मोह पिणारा निदान जरा आडोसा बघतो. हे लोक ग्लासाचा फोटो काढून सगळ्या नातेवाइकांना पाठवतात. लाज म्हणून नाही!

पहिला संशय गेला तो पहाटे रस्त्यानं धावणाऱ्या पोट्ट्यांवर. पोलीस भरतीची तयारी चालू आहे ना. मैदानी चाचणी ५० गुणांची. पोरांना १६०० मीटर धावायचं, १०० मीटर धावायचं आणि सव्वासात किलोचा गोळा फेकायचा. धावून आली की पोरं मोबाइल उघडतात. त्यात कुणीतरी पिळदार दंडांचा माणूस ग्लास हलवत ‘प्रोटीन, प्रोटीन’ असा जप करत असतो. मग आईकडे पैसे मागायचे आणि तिरोड्याहून, नाहीतर गोंदियाहून, पीनट बटरची बरणी आणायची. घरात डब्यात फल्लीदाणे आहेतच. काखेत कळसा आणि गोंदियाला वळसा! याच पोरांचे आजोबा भिजवलेले चणे मुठीनं खाऊन कुस्तीला उतरत. चण्याला कुणी इंग्रजी नाव दिलं नाही, म्हणून तो बिचारा मागं पडला.

दुसरा संशय सुनांवर. त्यांच्यावर तो नेहमीच असतो, म्हणून विशेष नाही. पण एका स्वयंपाकघरातला संवाद कानावर आला तो असा:

"काय करून राहिली वं?"

"स्मूदी, आई. केळं अन् दूध..."

"म्हंजे शिकरण."

"त्यात फल्लीचं बटर पण आहे ना."

"म्हंजे शिकरणात कूट."

"अन् वरून कोको."

इथे सासूबाई जरा थांबल्या. "हे तेवढं आमच्यात नवतं," म्हणाल्या आणि ग्लास पुढे करायला सांगितला.

बघा, मोठमोठ्या आहारतज्ज्ञांना जमलं नसतं ते त्या माउलीनं तीन वाक्यांत उरकलं. गल्लीतल्या एका काकाजींनी मात्र लगेच हरकत घेतली की दूध आणि केळं हा विरुद्धाहार, आयुर्वेद बजावून सांगतो. काकाजी, सांगतो खरा. पण पाहुणे आले की पोळीबरोबर वाटीभर शिकरण कोण ओढत होतं, ते आम्ही पाहिलेलं आहे. त्या वाटीत कोको नव्हता, एवढंच.

या लोण्याचं कुळ-मूळ काढायला गेलं तर तिथेही भानगडीच. आपल्याकडे ‘एक होता कार्व्हर’ वाचून मोठी झालेली अख्खी पिढी आहे. वीणा गवाणकरांचं हे पुस्तक १९८१ साली आलं आणि मराठी घरांत ते लग्नाच्या अल्बमच्या शेजारी ठेवलेलं असतं. त्या पिढीतल्या कुणालाही विचारा, पीनट बटर कुणी शोधलं? छाती फुगवून उत्तर येईल, कार्व्हरनं! आता खरं सांगितलं तर घराघरांत रडारड व्हायची. कॅनडातल्या मॉन्ट्रियलच्या मार्सेलस एडसननं दाणे वाटून त्याचा लगदा करायचं पेटंट १८८४ सालीच घेतलं होतं, तेव्हा कार्व्हर अजून कॉलेजची दारं ठोठावत होते. पुढे १८९५ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. केलॉगनं आपल्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. हा तोच कॉर्नफ्लेक्सवाला. पक्का शाकाहारी माणूस, आपल्या आरोग्यधामातल्या रोग्यांना मांसाऐवजी दाण्याचं लोणी चारायचा. म्हणजे आजीबाईंची दातांची शंका अगदीच वावगी नव्हती, हे पथ्याचंच खाणं होतं. कार्व्हर यांनी केलं ते निराळंच आणि माझ्या मते जास्त मोलाचं. कापसानं नापीक केलेल्या जमिनीत शेतकऱ्यांना भुईमूग लावायला सांगितला आणि पिकलेल्या भुईमुगाचं करायचं काय, म्हणून १९१६ साली दाण्याच्या १०५ पाककृतींची पुस्तिका काढली. एकशे पाच! आपल्याकडे दाण्याची चटणी, लाडू, चिक्की, आमटी आणि उपवासाचं सगळं धरलं तरी निम्म्यावर दम लागेल.

चॉकलेट आणि दाण्याचं लग्न कुणी लावलं, तेही सांगते. पेनसिल्व्हेनियात हर्शीच्या दूधगोठ्यावर काम करणारा हॅरी रीस नावाचा एक गृहस्थ होता. त्याला मुलं किती? सोळा! एवढं खटलं पोसायचं म्हणून त्यानं तळघरात मिठाई करायला घेतली आणि १९२८ मध्ये चॉकलेटच्या वाटीत पीनट बटर भरून विकलं. सोळा लेकरांच्या बापाला रात्री झोप येत नसणार, त्यातून असलं काहीतरी सुचतंच. पण जोडी जमली ती जमली. कोकोचा कडूपणा, दाण्याचा तेलकट खमंगपणा आणि चिमूटभर मीठ! इथे नाक मुरडायला मला तरी जागा सापडली नाही, आणि शोधली नाही असं नाही.

आपल्याकडे हे सगळं शक्य झालं ते मिक्सरमुळे. परदेशी मिक्सर आपल्या हळकुंडांपुढे आणि भिजवलेल्या डाळींपुढे माना टाकत, तेव्हा सत्यप्रकाश माथुर या इंजिनिअरनं आपला देशी दणकट मिक्सर काढला. १९६३ पासूनचा तो ‘सुमीत’. पाट्यावर दाण्याचं लोणी वाटायचं म्हटलं असतं तर भरतीच्या पोराचा व्यायाम तिथेच झाला असता. वरची स्मूदी लागलीच नसती.

आता तुम्ही विचारणार, करतात कसं? नुसती नावं ठेवायला आलेल्या बायकासुद्धा शेवटी हेच विचारतात. सांगते.

पावशेर फल्लीदाणे जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर भाजायचे. घाई केलीत तर बाहेरून काळे, आतून कच्चे. साली तडकल्या की उतरवा, गार करा, चोळा, सुपात पाखडा. मग मिक्सरमध्ये. आधी कूट होईल, ते ओळखीचंच. पुढे कुटाचा चिकट गोळा होऊन भांड्याला बसेल आणि पातं नुसतंच खाली फिरेल. निम्म्या बायका इथे हात टेकतात आणि वर पाणी ओततात. पाणी घालू नका हो! पाण्यानं तो गोळा आणखी घट्ट होतो आणि लोणी दोन दिवसांत बिघडतं. दाण्यात जवळजवळ निम्मं तेल असतं, ते सुटायची वाट बघायची. चमच्यानं कडा खरवडा, मिक्सरला दोन मिनिटं दम खाऊ द्या, पुन्हा फिरवा. तीन-चारदा असं केलं की गोळा एकाएकी सैल पडतो आणि चकाकत वाहायला लागतो. मोटार तापून बंद पडलीच तर घाबरू नका. बऱ्याच मिक्सरांना बुडाशी लाल बटण असतं. गार झाल्यावर ते दाबा. नवऱ्याला हाक मारायची गरज नाही.

बरणीत दोन दिवसांनी वर तेल तरंगेल. ते खराब झालं असं समजून ओतून देणारी एक बाई मला माहीत आहे, नाव घेत नाही. ते ढवळायचं असतं. विकतच्या पुष्कळ बरण्यांत तेल वर येत नाही, कारण ते धरून ठेवायला घट्ट केलेली वनस्पती चरबी घातलेली असते.

स्मूदीला केळं चांगलं पिकलेलं, सालीवर काळे ठिपके आलेलं. चकत्या करून रात्री फ्रीजरमध्ये टाका, म्हणजे बर्फ घालून पाणचट करावं लागत नाही. कोको थंड दुधात विरघळत नाही, गुठळ्या होऊन वर तरंगतो, म्हणून चमचाभर कोको आधी थोड्या कोमट दुधात कालवा. मग ग्लासभर गार दूध, दीड-दोन चमचे दाण्याचं लोणी, एखादा खजूर, मीठ चिमटीभर. फिरवा. झालं! एवढ्यासाठी गावभर चर्चा.

कोको आणि डब्यातली चॉकलेटची पूड यांत मात्र गफलत करू नका. पाकिटावर घटकांची यादी असते, त्यात जे सर्वांत जास्त ते पहिलं लिहायचं असतं. ड्रिंकिंग चॉकलेटच्या डब्यावर पहिलं नाव बहुधा साखरेचं सापडेल. पोरगा प्रोटीन पितो म्हणून कौतुकानं ग्लास भरणाऱ्या आयांनी ते एकदा चष्मा लावून वाचावं.

आणि दाणे निवडून घ्या. सुरकुतलेले, काळपट, कुबट वासाचे दाणे फेकून द्यायचे, ‘भाजले की चालतात’ म्हणायचं नाही. १९६० साली इंग्लंडात एक लाखाहून जास्त टर्की पक्षी पटापट मेले. तपास केला तर त्यांच्या खाद्यात ब्राझीलहून आलेली शेंगदाण्याची पेंड, आणि तिच्यात बुरशीचं विष. अफ्लाटॉक्सिन सापडलं ते त्या प्रकरणात. ते भाजून पुरतं जात नाही. आपल्याकडे पावसाळाभर हवा ओलीचिंब, पोत्यातले दाणे जपायला नकोत?

आता खरी भानगड, जी कुणी बोलत नाही. म्हशीच्या दुधाचा एक ग्लास, केळं, दोन चमचे लोणी आणि वरचं सटरफटर मिळून हिशेब साडेपाचशे कॅलरीच्या आसपास जातो. ते एक जेवण झालं! धावून आलेल्या पोराला चालेल, त्याला हवंच आहे. पण पोराची स्मूदी बघून त्याचे बाबाही ‘वजन उतरवायला’ म्हणून ग्लास घेतात, आणि तासाभरानं भात-वरण, भाजी, पोळी सगळं रीतसर हाणतात. वजन उतरतं का? उतरतं, वजनकाटा माळ्यावरून उतरतो.

अति झालं तर काय होतं, याचा एक दाखला तर थेट महात्मा गांधींचा आहे, म्हणून जरा सावरून बसा. १९१८ साली खेडा जिल्ह्यात सैन्यभरतीसाठी ते पायपीट करत होते आणि तेव्हा त्यांचा मुख्य आहार होता दाण्याचं लोणी आणि लिंबू. पुन्हा भरतीच! लोणी जास्त झालं, आव लागली, प्रकरण इतकं विकोपाला गेलं की आपण आता वाचत नाही असं त्यांना वाटलं. हे सगळं ‘सत्याचे प्रयोग’मध्ये त्यांनीच लिहून ठेवलं आहे. पुढे हवापालटाला माथेरानला नेलं, मग मुंबईत डॉ. दलालांनी दूध घ्याच म्हणून बजावलं. गांधीजींनी दूध सोडलेलं. तेव्हा कस्तुरबांनी तोड काढली की व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती ना, मग शेळीचं घ्या. म्हणजे दाण्याचं लोणी झालं, दूध झालं, राहता राहिलं केळं आणि कोको. शंभर वर्षांपूर्वी घरात मिक्सर असता तर कस्तुरबांनी हा ग्लास आधीच केला असता, आणि लोणी मोजूनच घातलं असतं.

तर ओसरीवरच्या बैठकीचा निकाल ऐका. स्मूदी निर्दोष. बरणीवर नाहक पैसे उधळणारे दोषी. जेवणावर वरून ग्लास पिणारे जास्त दोषी. दाण्याची ज्यांना ॲलर्जी आहे त्यांना ग्लास देण्याआधी विचारा, त्यात थट्टा नाही. भरतीच्या पोरांनी लोणी घरीच करावं, दाणे स्वतः भाजावेत, सालीही स्वतः पाखडाव्यात. आणि प्यायल्यावर मिक्सरचं भांडं लगेच विसळून ठेवावं. वाळलेलं दाण्याचं लोणी पात्याखालून निघता निघत नाही, आणि ते घासायचं काम शेवटी आईवरच येतं.