सहाजणांचं पॅनल कसं बसवावं

संत्र्याची बाग अंबिया बहारासाठी ताणावर सोडली की डिसेंबर-जानेवारीत आमच्या वरूड तालुक्यातल्या माणसाला ओलिताचं काम उरत नाही. या दिवसांत तो दोनच उद्योग करतो: स्वतःचं पॅनल बसवतो, नाहीतर दुसऱ्याचं पाडतो. ज्यांच्या गावात सध्या एकही निवडणूक लागलेली नाही अशा गरजूंसाठी प्रस्तुत मार्गदर्शन आहे.

त्यांनी आपलं पॅनल संगणकाच्या खेळात बसवावं. खेळाचं नाव विझर्ड्री. अँड्र्यू ग्रीनबर्ग आणि रॉबर्ट वुडहेड या दोन अमेरिकन पोरांनी तो १९८१ साली ॲपल टू संगणकासाठी बनवला आणि २०२४ मध्ये तो नवा रंग चढवून पुन्हा बाजारात आला. जमिनीखाली दहा मजले, प्रत्येक मजला वीस बाय वीस घरांचा. तळाशी एक मांत्रिक चोरलेला ताईत घेऊन बसला आहे. सहाजणांनी खाली उतरून तो ताईत आणायचा. जुने खेळाडू आलेखाच्या कागदावर एकेका घराचा नकाशा काढत. धुऱ्यावरून तीन पिढ्या भांडलेल्या तालुक्याला हे काम जड जाऊ नये.

आता उमेदवारी. बाजार समितीत अठरा संचालक असतात: अकरा सेवा सहकारी संस्थांचे, चार ग्रामपंचायतींचे, दोन अडते-व्यापाऱ्यांचे आणि एक हमाल-मापाऱ्यांचा. अठराच्या अठरा जागा सभापतीच्या नसतात, हे पॅनल बसवणाऱ्याला पहिल्याच बैठकीत सांगावं लागतं आणि शेवटच्या बैठकीपर्यंत पटवावं लागतं. इथेही तेच आहे. साधे धंदे चार: लढवय्या, मांत्रिक, पुरोहित आणि चोर. मानाचे धंदे चार: बिशप, सामुराई, लॉर्ड आणि निंजा. नवा खेळाडू बसल्या बैठकीला सहा निंजा मागतो. निंजा व्हायला बळ, बुद्धी, श्रद्धा, दम, चपळाई आणि नशीब, सगळं किमान सतरा लागतं आणि वर वृत्ती वाईटच असावी लागते. इतके गुण असलेला माणूस वाईट निघतो ही खेळ रचणाऱ्यांची कल्पना नसून निरीक्षण असावं.

तेव्हा निंजाचा नाद सोडा. सहापैकी पहिले तिघं पुढच्या रांगेत उभे राहतात. हातघाईचा मार तेच देतात आणि तेच खातात. मागच्या तिघांची तलवार शत्रूपर्यंत पोचत नाही, म्हणून तिथे मंत्रवाले ठेवायचे. पुढे तीन लढवय्ये घ्या. दिसायला मठ्ठ, पण प्रचाराच्या शेवटच्या रात्रीही जागे राहणारे हेच. मागे एक पुरोहित, एक मांत्रिक आणि एक चोर. चोराच्या नावाला घरातूनच विरोध होतो. आमचा भाचा म्हणाला, "मामा, चोर कायले घेता? लोकं काय म्हनतीन?" मी म्हटलं, "पेटी कोन उघडीन मंग, तुवा बाप?" कारण खालच्या पुष्कळ पेट्यांवर काही ना काही सापळा असतो. कुलपाशी थेट संबंध आलेला एक तरी माणूस कार्यकारिणीत हवा, बाकीच्यांचं चारित्र्य त्यावर स्वच्छ राहतं.

बिशपबद्दल मतभेद आहेत. तो दोन्हीकडचे मंत्र शिकतो, पण इतक्या सावकाश की तोवर बाकीचे पाच पेन्शनीत निघतात. माझ्या मते त्याला खाली नेऊच नये, गावातच बसवावा. खालून आणलेली अनोळखी वस्तू दुकानदार ओळखून देतो खरा, पण ती तो ज्या भावाने विकत घेणार तेवढीच रक्कम ओळखण्याची घेतो. म्हणजे हर्रासीत माल विकला, अडत कापली आणि हातात पावती राहिली. बिशप हेच काम फुकटात करतो.

वृत्ती तीन: चांगली, मध्यम, वाईट. टोळी जिथे जमवतात त्या गावातल्या खानावळीत चांगला आणि वाईट यांना एकत्र घेता येत नाही. नियम कडक आहे, आणि तो फक्त खानावळीपुरताच आहे. वाईटाला आधी खाली पाठवून तिथे अंधारात सोडावं, मग चांगल्यांना उतरवावं, त्यांनी शोधाशोध केल्यासारखं करावं आणि "अरे, तुम्ही इथं?" म्हणत त्याला सोबत घ्यावं. महाराष्ट्रातल्या वाचकाला याहून जास्त समजावण्याची गरज नाही. शिवाय चांगल्याने गरीब, मैत्रीने वागणाऱ्या राक्षसांवर हात टाकला तर तो हळूच वाईट ठरू शकतो, आणि वाईटाने त्यांना जाऊ दिलं तर तो चांगला. १९८५ चा पक्षांतरबंदी कायदा या खेळाला लागू नाही.

मात्र वृत्ती बदलणं निराळं आणि धंदा बदलणं निराळं. धंदा बदलताना माणूस पहिल्या पातळीवर येतो, अंगचे गुण त्याच्या जातकुळीच्या किमान आकड्यावर घसरतात आणि वय काही वर्षांनी वाढतं. कालपर्यंत राक्षस लोळवणारा मांत्रिक आज नव्या धंद्यात उंदरासारख्या जनावराला घाबरतो. हातात राहतं ते एवढंच: शिकलेले मंत्र आणि मार सोसण्याची क्षमता. आमच्याकडे झाडाला पाणी तोडून, पानं मलूल पाडून मगच बहार धरतात, तसाच हा ताण. ज्याला पानं मलूल झालेली बघवत नाहीत त्याने धंदा बदलू नये. ज्याला बघवतात त्याने वेळ साधावी: मांत्रिक तेराव्या पातळीला पोचला की सातही इयत्तांच्या मंत्रांची दारं उघडतात. ते सगळे पदरात पडेपर्यंत थांबा आणि मगच त्याला पुढच्या रांगेत न्या. आठव्या पातळीवर बदलाल तर अर्धवट मांत्रिक आणि कोवळा लढवय्या, दोन्हीकडून हसं. आणि एका वेळी एकच. अख्खी बाग एकाच वर्षी ताणावर सोडणारा माणूस मी पाहिला आहे. बँकेनेही पाहिला आहे.

एक पळवाट सांगून ठेवतो. खालच्या मजल्यांवर एक खंजीर सापडतो, त्याची गुप्त शक्ती वापरली की चोराचा थेट निंजा होतो. सतराची अट नाही, कसली परीक्षा नाही. विधानसभा न लढता विधान परिषदेत जाणाऱ्यांना ही वाट ओळखीची वाटेल.

जपानने हा विषय पुढे नेला. १९८८ च्या ड्रॅगन क्वेस्ट तीनमध्ये विसाव्या पातळीनंतर एका देवळात जाऊन धंदा बदलता येतो. ऋषी व्हायला इतर सगळ्यांना एक दुर्मिळ ग्रंथ लागतो. फक्त रिकामटेकड्याला लागत नाही. ऐन लढाईत टवाळक्या करत वीस पातळ्या काढल्या की तो ग्रंथाशिवाय ऋषी होतो. आमच्या पानठेल्यावर हे वाचून दाखवलं तेव्हा चौघांनी आपली पातळी विचारली.

शेवटची सूचना राखीव पॅनलची, आणि ती टाळू नका. विझर्ड्रीत सहाही जण खाली मेले तर प्रेतं तिथेच पडून राहतात. दुसऱ्या टोळीने जाऊन आणावी लागतात. मंदिरात पैसे भरून जिवंत करता येतं, पण विधी फसला तर माणसाची राख होते, आणि राखेवरचाही फसला तर नाव कायमचं यादीतून जातं. पैसे दोन्ही वेळा परत मिळत नाहीत. आता टोळीत जागा एकूण सहाच, आणि प्रेतही एक जागा धरतं. म्हणून उचलायला सहाजण पाठवू नका. तिघंच पाठवा, तीन प्रेतं आणा आणि उरलेल्या तिघांसाठी पुन्हा उतरा. पहिल्या खेपेत पुरोहित उचला. चोराला दुसऱ्या खेपेत आणलं तरी चालतं, तो कुठे जात नाही.