उत्तर दिशा आणि लँडिंग लाइट

राइट बंधू १९०३ साली उडाले तेव्हा त्यांच्या विमानात मोजून तीन उपकरणं होती: वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र, स्टॉपवॉच आणि इंजिनाचे फेरे मोजणारा काउंटर. ते ओहायोचे, मीही आता ओहायोचाच. साम्य इथे संपतं.

अमेरिकेत घरी विमान बांधता येतं. निम्म्याहून जास्त काम हौशी माणसानं स्वतः केलेलं असलं म्हणजे झालं. माझ्या गॅरेजमधल्या आरव्ही-७ चे पत्रे मी निमूटपणे ठोकले. रिव्हेट मारताना डोक्यात काही येत नाही. डोकं फिरतं ते पॅनेलपाशी. पंखांकडे कुणी ढुंकून बघत नाही, पण लग्नात "सोनं किती घातलं?" विचारतात त्याच सुरात हँगरमध्ये प्रत्येकजण विचारतो, "पॅनेलमध्ये काय काय घेतलंस?"

माझा आराखडा बघून बायको म्हणाली, "अहो, यातलं उडायला नक्की लागतं काय?"

"दिवसा, मोकळ्या हवेत? वेग, उंची, होकायंत्र, इंजिनाचे फेरे, ऑइलचा दाब, ऑइलचं तापमान, पेट्रोलचा काटा."

"आणि उरलेलं?"

उरलेलं मला हवं होतं. मी पुठ्ठ्याचं पॅनेल कापलं, स्वयंपाकघरातल्या खुर्चीसमोर टेकवलं आणि स्केचपेननं काढलेली बटणं दाबत, तोंडानं इंजिन चालवत बसलो. खिडकीतून हे पाहून पार्सलवाल्यानं आमचं पार्सल शेजाऱ्यांकडे दिलं.

सासऱ्यांचे फोन वेगळेच. "जावईबापू, त्या अमोल यादवांनी कांदिवलीत गच्चीवर सहा जणांचं विमान बांधलं. तुमचं दोघांचं, तेही तळमजल्यावर, ना?"

मग वायरिंग. इथे आकडा जितका मोठा तितकी वायर बारीक: बावीस नंबरची नाजूक, दोन नंबरची बोटाएवढी. फ्यूज उपकरणासाठी असतो हा माझा समजही गेला. तो वायर जळू नये म्हणून असतो, रेडिओचं रेडिओनं बघावं. प्रत्येक वायरीवर नाव छापलेली नळी सरकवायची आणि गरम करून आवळायची. नळी आधी, टोकाची पिन नंतर. हा क्रम मला पाठ होता. तरी पिन दाबून झाली की नळी टेबलावर पडलेली असायची, माझ्याकडे बघत.

सदतीस पिनांच्या कनेक्टरला पुढची बाजू असते आणि मागची असते. पुढून बघितलं तर क्रमांक एका दिशेनं जातात, मागून बघितलं तर उलटे. क्रमांक प्लास्टिकवर कोरलेले असतात; फक्त ते वाचायला चाळिशी लागते, आणि ती मी घरात ठेवून आलो होतो. बॅटरी जोडली, ऐटीत रेडिओवर बोलायचं बटण दाबलं. रेडिओ गप्प. शेपटीकडे मात्र विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या ट्रिमची मोटर कुरकुरत फिरायला लागली. म्हणजे हवेत टॉवरला नमस्कार केला असता, तर विमानानंच मान खाली घातली असती.

कळस होकायंत्रानं केला. वजन वाचवायला मी लँडिंग लाइटची परतीची वायर वगळून विमानाच्या पत्र्यालाच अर्थिंग दिलं होतं, आणि जाणारी वायर नेली होती थेट होकायंत्राच्या पाठीमागून. दिवा लावला की उत्तर दिशा पूर्वेकडे सरकायची, विझवला की परत यायची. जाणारी आणि येणारी वायर एकमेकींना पीळ देऊन नेली असती, तर दोघींची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खोडून गेली असती. काही ग्रॅम वाचवायला मी पृथ्वीचा ध्रुव हलवला. सगळं उचकटून पुन्हा घातलं. बायकोनं टॉर्च धरला. सल्ला दिला नाही, हे तिचे उपकार.

काल शेवटची तपासणी होती. बायको सीटवर बसून एकेक स्विच टाकत होती, मी बाहेरून ओरडत होतो: "लागला! हलला! बंद!" सगळं बरोबर निघालं. मग आतून आवाज आला, "अहो, हा उजवीकडचा कशाचा? याच्यावर नाव नाही."

मी आराखडा चाळला. त्यात तो स्विच नव्हता.

"वर करू की खाली?"

"आहे तसाच राहू दे," म्हणालो, "आणि सावकाश बाहेर ये."